कृशाचे रक्षण

सुरतचे जेवण आणि काशीचे मरण ज्याला लाभेल तो भाग्यवान, अशा अर्थाची म्हण गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. घारी, उंधियु आणि पोंक यांच्या या नगरीत मधुमेहाचा विषय काढणे म्हणजे लग्नघरी अपशकुन करण्यासारखेच होय. परंतु सुरतेच्या उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून येऊन स्थायिक झालेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत, आणि नवरात्रात त्यांची मुलेही गरब्यात रात्र जागवितात. त्यांतील एखाद्या मुलास मधुमेह असेल तर त्याला त्या रिंगणात उतरू द्यावे की नाही, हा त्याच्या आईबापांपुढचा प्रश्न आहे. तो वाटतो तितका नवा नाही.

ज्या काशीचे नाव त्या म्हणीत आहे त्याच काशीचा राजा दिवोदास याच्यापाशी सुश्रुत वैद्यक शिकला, अशी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेह दोन प्रकारचा सांगितला आहे: एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला, दुसरा अपथ्याने ओढवून घेतलेला. पहिल्याचा रोगी कृश, रुक्ष, थोडे खाणारा व अतिशय तहानलेला. दुसऱ्याचा स्थूल, खादाड, शय्येवर लोळण्यात सुख मानणारा. व्यायामाच्या बाबतीत संहिताकार मुळीच दयामाया दाखवीत नाहीत. निर्धन रोग्याने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षेवर राहून आणि एका गावी एकच रात्र काढून शंभर योजने चालावे. नाही तर शेत नांगरावे, विहीर खणावी. कृश रोग्याविषयी मात्र एवढेच म्हटले आहे, की त्याला सदैव जपावे.

सुश्रुताचा सहज प्रमेह आणि आजचा बालमधुमेह एकच, असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. बालमधुमेह मूल जन्मताना बरोबर आणीत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन बनविणाऱ्या पेशींचा नाश करते, तेव्हा तो उद्भवतो. तथापि स्थूल आणि कृश यांना एकच मात्रा चालत नाही, हे निरीक्षण अचूक होते. इन्शुलिनच नसेल तर श्रमाने साखर उतरण्याऐवजी चढू शकते, चरबी जळून रक्तात आम्ले साचतात आणि मूल अधिकच झिजते. अशा मुलाला धावावयास लावणे म्हणजे विझत्या दिव्याची वात वर सारण्यासारखे होते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभीही वैद्यकापाशी दुसरे काही नव्हते. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी जवळजवळ उपासमारीचे पथ्य ठरविले. त्याने मुले काही काळ जगत, पण सांगाडे होऊन. एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी १९२२ साली पंधराव्या वर्षी अवघी ४५ पौंड वजनाची झाली होती. प्रौढांची गोष्ट निराळी. १९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर वर्ष उलटण्यापूर्वीच मंडालेस पाठविले गेलेले लोकमान्य टिळक मधुमेही होते. पथ्याच्या बळावर त्यांनी तो तुरुंगवास काढला. १९२० साली ते वारले, आणि पुढच्याच वर्षी टोरांटोत बँटिंग व बेस्ट यांना इन्शुलिन गवसले. ११ जानेवारी १९२२ रोजी ते प्रथम टोचले गेले ते लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला. एलिझाबेथलाही ते त्याच वर्षी मिळाले, आणि ती १९८१ पर्यंत जगली.

औषध आले, पण भीती गेली नाही. सिनसिनाटीच्या बिली टॅल्बर्ट या मुलाला दहाव्या वर्षी मधुमेह झाला. इन्शुलिन होते, तरीही खेळ बंद झाले. बेसबॉलचे वेड असलेला मुलगा घरी बसला. वास्तविक लंडनचे डॉ. रॉबर्ट लॉरेन्स, जे स्वतः मधुमेही होते, त्यांनी १९२६ सालीच दाखवून दिले होते की इन्शुलिन घेतल्यावर व्यायाम केला तर तीच मात्रा अधिक साखर उतरविते. बॉस्टनचे डॉ. जॉस्लिन आहार, इन्शुलिन आणि व्यायाम यांना एकाच रथाचे तीन घोडे म्हणत. परंतु ग्रंथातले ज्ञान घरच्या ओट्यापर्यंत पोचावयास वेळ लागतो. बिलीच्या हाती टेनिसची रॅकेट आली ती चौदाव्या वर्षी. पुढे गार्डनर मलॉय यांच्या जोडीने त्याने अमेरिकेचे दुहेरीचे विजेतेपद चार वेळा मिळविले, आणि तो ऐंशी वर्षे जगला. अलीकडचे उदाहरण गॅरी हॉल या जलतरणपटूचे. १९९९ साली मधुमेह निघाला तेव्हा आता पोहणे संपले असे त्याला सांगण्यात आले होते. २००० साली सिडनीत व २००४ साली अथेन्समध्ये ५० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक त्याने घेतले.

कृशाला जपावे, हे म्हणून आजही खोटे ठरलेले नाही. जपण्याची रीत तेवढी बदलली आहे. शाळेत शरीरशिक्षणाच्या तासाला मधुमेही मुलाला बाकावर बसवून ठेवणे, ही जुनी रीत होय. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी सरासरी ६० मिनिटांचा व्यायाम सांगते, आणि मधुमेही मूल त्याला अपवाद नाही.

गरब्याचेच पाहावे. दोन-तीन तासांच्या फेऱ्यांत पायांचे स्नायू रक्तातील साखर झपाट्याने ओढून घेतात. फेर थांबला तरी रिते झालेले साठे भरण्यासाठी ती ओढ कित्येक तास चालू राहते. म्हणून खरा धोका मैदानावर असतो त्याहून अधिक पहाटे, घर झोपेत असताना असतो. त्या संध्याकाळची इन्शुलिनची मात्रा किती कमी करावी हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे; निघताना, मध्यंतरी व निजण्यापूर्वी साखर तपासावी; निजताना गरजेप्रमाणे थोडे खाण्यास द्यावे. साखर २५० च्या वर असून लघवीत कीटोन आढळले, तर त्या रात्री मूल घरीच राहिलेले बरे. एरवी त्याच्या खिशात ग्लुकोजची पूड असावी, आणि त्याचे हात कापू लागले, दरदरून घाम आला, बोलणे असंबद्ध झाले तर ती पूड ताबडतोब द्यावयाची, हे शेजारी नाचणाऱ्या मित्रालाही ठाऊक असावे.