आजीची कॉफी आणि माझं स्पाइस्ड लाटे

इयरफोन लावलेत ना? आज इतिहास कपात आहे.

परवा पुण्यात एका कॅफेत मी 'स्पाइस्ड लाटे' मागवलं. पहिला घोट घेतला आणि थेट केनवडला पोचलो. आमचं गाव वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात. तो वास ओळखीचा होता. जायफळ! लग्नात, कोजागिरीला आजी दुधात घट्ट उकळायची, तीच ही कॉफी. फक्त नाव बदललेलं आणि किंमत वाढलेली.

'लाटे' म्हणजे इटालियन भाषेत नुसतं दूध. म्हणजे दूधवाली कॉफी. मग त्यातला मसाला आला कुठून?

आधी जायफळाचं बघू. एकेकाळी ते जगात फक्त बांदा बेटांवर पिकायचं, आजच्या इंडोनेशियात. या एका फळावर ताबा मिळवायला १६२१ मध्ये डच कंपनीने तिथले हजारो लोक मारले किंवा गुलाम करून नेले. बांदातलं रून नावाचं छोटंसं बेट इंग्रजांकडे होतं. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात त्यांनी त्यावरचा हक्क सोडला आणि मॅनहॅटन, म्हणजे आजचं न्यूयॉर्क, त्यांच्याकडे राहिलं. आज आपल्या कोकणातही नारळाच्या बागेत जायफळ होतं.

आता कॉफी. बाबा बुदान यांनी येमेनमधून सात बिया लपवून चिकमंगळूरच्या डोंगरात आणल्या, अशी आख्यायिका आहे. पण आपल्या वऱ्हाडातही कॉफी आहे, हे किती जणांना माहीत आहे? १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला, आपलं वाशिमही त्यातच. इंग्रजांच्याच काळात मेळघाटात, सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला कॉफी लावली गेली. ती झाडं अजून बघायला मिळतात. पण गावोगावच्या घरात पोचली ती डब्यातली, पुडीतली इन्स्टंट कॉफी. श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळीत जायफळ आधीपासून होतंच. गोड दूध म्हटलं की जायफळ, हा आपला जुना हिशोब. माझा अंदाज असा, की कॉफी आली आणि त्याच हिशोबात बसली.

हे सगळं फोनवर आजीला सांगितलं. म्हटलं, "आजी, तुझी कॉफी इथं दोन-अडीचशेला विकतात!" ती हसली. मी विचारलं, "तुला कशी आवडायची, कडक की गोड?"

ती म्हणाली, "मले कायची कापी बाप्पा? पाव्हन्यायले देल्यावर उरेच कुठं?"

मी गप्पच झालो. कॉफी पाहुण्यांची, बायकांना गुळाचा चहा. इतकी वर्षं वास माझ्या नाकात होता, पण तिच्या हातात कप कधी पाहिलाच नव्हता.

म्हणून दिवाळीला गेलो तेव्हा मीच केली. तुम्हीही करा. एक कप दूध मंद आचेवर थोडं आटवा. साखर आणि वेलचीपूड घाला. बाळगुटीची सहाण असेल तर जायफळाचे दोन-तीन वेढे उगाळा, नाहीतर चिमूटभर किसा. जास्त नको, जायफळ अंगावर येतं. एक चमचा इन्स्टंट कॉफी दोन चमचे गरम पाण्यात फेटून दुधात ओता. फेसासाठी मशीन नको, दोन भांड्यांत उंचावरून चार वेळा वर-खाली करा.

पहिला कप आजीला दिला. ती आधी इकडंतिकडं बघायला लागली, अजून कोणाला द्यायची राहिली का म्हणून. मग प्यायली. म्हणाली, "जायफय कमी पडलं."

तर मंडळी, आज घरी विचारा: जी रोज करते, ती स्वतः पिते का? भेटू पुढच्या भागात.