हजेरीपटावरचे नाव

दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतात, त्या सुमारास बीड तालुक्यातील लिंबागणेश आणि आजूबाजूच्या गावांतल्या कित्येक घरांना कुलपे लागू लागतात. बालाघाटाच्या या कोरडवाहू पट्ट्यातली माणसे मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. कारखान्याचा पट्टा पडला की काम संपते. आता उसाच्या फडात तोडणी यंत्र उतरू लागले आहे आणि त्याच्या खरेदीसाठी सरकारी अनुदानही मिळते. यंत्रामुळे कोयता खाली ठेवावा लागला, तर त्या जोडप्याने कोणाच्या दारात जायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी, काम गेलेल्या माणसासाठी आपल्याकडे आजवर कोणत्या व्यवस्था उभ्या राहिल्या, ते तपासावे लागेल.

पहिली व्यवस्था नुकसानभरपाईची. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये दुरुस्ती झाली. ले-ऑफच्या काळात मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम, आणि कामावरून कमी केल्यास एक महिन्याची नोटीस व सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, असा हक्क कामगाराला मिळाला. ही मोठी कमाई होती. मात्र ले-ऑफची भरपाई मिळण्यासाठी नाव हजेरीपटावर हवे आणि सलग एक वर्षाची सेवा हवी. वर्ष न भरलेला बदली कामगार त्यातून वगळला गेला. हंगामी स्वरूपाचे उद्योगही ले-ऑफच्या तरतुदींबाहेर ठेवण्यात आले. कायद्याच्या पहिल्याच पानांत असा उंबरठा घातला गेला.

त्या उंबरठ्याची उंची मुंबईच्या गिरणगावाने अनुभवली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. हजारो कामगार पुन्हा गिरणीत जाऊ शकले नाहीत. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर १९८६ मध्ये केंद्र सरकारने वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी सुरू केला. गिरणी कायमची बंद झाली, तर कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के रक्कम द्यायची. तीन वर्षांत माणूस दुसऱ्या धंद्यात स्थिरावेल, असा हिशेब त्यामागे होता. पण पाच वर्षांची सलग नोकरी आणि ठरावीक मर्यादेतला पगार या अटी होत्या. शिवाय गिरणी कायदेशीररीत्या बंद व्हायला हवी होती. भोंगा थांबलेली पण कागदावर चालू असलेली गिरणी या योजनेत बसत नव्हती. साच्यावर पंधरा वर्षे बदली म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाला आपली सलग सेवा सिद्ध करणेच अवघड होते.

पुढचे पाऊल १९९२ चे. उदारीकरणाबरोबर राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला. कमी होणाऱ्या कामगारांना समुपदेशन, नवे प्रशिक्षण आणि पुन्हा रोजगार ही त्याची घोषित उद्दिष्टे होती. प्रत्यक्षात निधीचा मोठा भाग सार्वजनिक उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला. प्रशिक्षणाच्या वाट्याला थोडीच रक्कम आली आणि २००० च्या सुमारास हा निधी गुंडाळला गेला. कामगाराला घरी पाठवण्याची सोय झाली. नव्या कामापर्यंत नेण्याची जबाबदारी मात्र कोणी घेतली नाही.

याच महाराष्ट्राने एकदा वेगळी वाट काढली होती. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर लाखो माणसे आली. वि. स. पागे यांच्या विचारातून आकाराला आलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. येथे जुने मस्टर दाखवावे लागत नव्हते. काम मागणे एवढीच पात्रता. पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर बेकारभत्ता. या योजनेसाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावण्यात आला. तो नोकरदारांच्या पगारातून कापला जाई. म्हणजे मुंबईतला पगारदार मराठवाड्यातल्या बंडिंगच्या आणि रस्त्यांच्या कामाला हातभार लावत होता. त्याच मुंबईत गिरणी कामगाराची नोकरी गेली, तेव्हा तशी हमी त्याला नव्हती, कारण कायदा मुख्यतः ग्रामीण भागासाठी होता. आणि खेड्यात मिळणारे काम अंगमेहनतीचेच राहिले. त्यातून चूल पेटली, नवा हुन्नर हाती आला नाही.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांची नावे तर कोणत्याच पटावर नव्हती. गिरणी थांबली की त्यांचेही गिऱ्हाईक थांबे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गट करून एकमेकींची हमी घेणाऱ्या या बायकांना बँकेची कर्जे मिळाली आणि सावकाराचा फास सैल झाला. मालकाच्या पटावर नाव नसले, तरी संघटनेच्या नोंदीला पत असू शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कमी केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचा पगार भरायचा आणि ती रक्कम ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. पंधरा दिवसांच्या पगारात कोणता हुन्नर शिकता येतो, हा एक प्रश्न. दुसरा प्रश्न लिंबागणेशच्या बाजूचा आहे. ऊसतोड जोडप्याला कारखाना आपला कामगार मानत नाही, मुकादमाकडे असते ती उचलीची नोंद. यंत्र आल्यावर त्याला कोणी ‘कमी’ करणार नाही, मुकादम फक्त उचल द्यायला येणार नाही.

म्हणून यंत्राच्या अनुदानाचा विचार होतो, त्याच बैठकीत कोयत्याच्या नोंदीचाही व्हायला हवा. नवरा आणि बायको यांची नावे स्वतंत्र लिहिली जावीत, त्यांनी केलेले हंगाम मोजले जावेत आणि प्रशिक्षणाच्या काळात घर चालेल एवढा भत्ता मिळावा. यंत्राचा चालक, दुरुस्ती करणारा, सुटे भाग विकणारा ही कामे त्याच गावातल्या मुलामुलींना शिकवता येतील. पट्टा पडल्यानंतरचे महिने त्यासाठी रिकामेच असतात.