वऱ्हाडातल्या बंबाची कुळकथा

अमरावती-अकोल्याकडच्या जुन्या घरांत माळ्यावर तांब्याचा बंब अजून सापडतो. तो खाली काढून पेटवायचा असेल, तर आधी त्याचं कूळ आणि घडण समजून घ्यावी.

‘बंब’ हे नाव पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आलं, घडण मात्र समोवारच्या गोत्रातली. पाण्याच्या पिंपाच्या मधोमध उभी नळी, नळीत विस्तव, खाली जाळी आणि राख. विस्तवाला चहूबाजूंनी पाणी असल्यानं थोडक्या जळणात घरभराच्या अंघोळी उरकतात. पुण्याच्या तांबट आळीत असे बंब हातानं ठोकून घडवले जात. वऱ्हाडात त्याला जळणही शेतातूनच मिळालं. कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटायची, तिच्या गंज्या रचायच्या आणि रोज सकाळी वीतभर तुकडे मोडून वरून नळीत सोडायचे. जोडीला तुराट्या.

वाफेचे बॉयलर इथे आले तेही कापसापायीच. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेला, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली. वाफ कोंडणाऱ्या अशा बंद भांड्यांसाठी 1923 साली बॉयलर कायदा झाला. घरचा बंब त्यात बसत नव्हता, कारण तो बंद नाहीच. पाणी ओतायच्या तोंडावर झाकण नुसतं टेकवलेलं असतं, वाफ तिथून निघून जाते. त्याची पहिली सुरक्षितता या सैल झाकणात आहे. ते गच्च बसवू नका, त्यावर वजनही ठेवू नका.

दुसरी गोष्ट पाण्याची. आत पाणी आहे तोवर तांबं शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. कोरडा बंब पेटवला, की जुन्या दुरुस्तीतला कथलाचा डाग 232 अंशांनाच वितळतो आणि जोड सुटतो. म्हणून आधी पाणी, मग विस्तव. बंब पेटता असताना काढलं तेवढं पाणी लगेच भरा. बरीच वर्षं पडून असलेला बंब पहिल्यांदा रात्रभर नुसता भरून ठेवा. पाझर सकाळी दिसेल. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात तर आत क्षारांचा पांढरा थर हमखास असतो. तो चिंचेच्या कोळानं सोडवा, तोटी काढून साफ करा, हिरवा गंज घासून पहिली दोन-तीन पाणी फेकून द्या.

बंद न्हाणीघरात मात्र बंब कधीच पेटवू नये. धूर संपून नुसते निखारे उरले, तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, आणि माणूस बसल्या जागी दगावतो. बंब अंगणातच पेटवा. त्यात विजेचा रॉड सोडायचा मोहही टाळा. भांडं सगळं धातूचं, शॉक थेट तोटीला हात लावणाऱ्याला बसतो.

आणि तांब्याच्या भावानं मोडीत घालण्याआधी एकदा तांबटाला दाखवा. बहुतेक बंब एका डागानं दुरुस्त होतात.