चौथ्या चाकाची कुळकथा

बुलेटवर जीव टाकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं, की रॉयल एनफील्डचं इंजिनावर चालणारं पहिलं वाहन चार चाकांचं होतं. १८९०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या रेडिच गावी या कंपनीने सायकलीच्या नळ्यांचा सांगाडा घेतला, त्याला चार चाकं लावली आणि फ्रान्सच्या द दियों-बुतों कंपनीचं इंजिन बसवलं. चालवणारा मागे सायकलीच्या सीटवर, हातात हँडल. पाहुणा पुढे, दोन चाकांच्या मधल्या खुर्चीत. त्या काळात युरोपात अशी वाहनं बऱ्याच जणांनी बनवली. पण लवकरच मोटारगाडी सुधारली आणि चार चाकं तिच्याकडे गेली. मोटरसायकल सुधारली आणि हँडल तिच्याकडे राहिलं. हँडल आणि चार चाकं एकाच वाहनावर असण्याचं कारणच उरलं नाही.

आज दुबईच्या वाळवंटात, जैसलमेरच्या समच्या टेकाडांवर, लोणावळ्याच्या आडरानात किंवा नागाव-काशीदच्या पुळणीवर भाड्याने मिळणारी क्वाड बाइक म्हणजे तीच मोडलेली जोडी पुन्हा जमलेली. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची सीट, मोटरसायकलचं हँडल, मोटरसायकलच्याच घराण्यातलं इंजिन आणि खाली चार गुबगुबीत टायर. मात्र एनफील्डच्या त्या गाडीपासून ती सरळ उतरलेली नाही. मधे सत्तरेक वर्षांचा खंड आहे, आणि तो भरून निघाला तीन चाकांच्या वाटेने. ती वाट पिंपरी-चिंचवडकरांना चांगली ओळखीची आहे, कारण तीन चाकांवर या गावाने आपलं अर्धं पोट भरलं आहे.

स्वातंत्र्यानंतर माणसाने माणसाला ओढायची रिक्षा बंद व्हावी, म्हणून अहमदनगरच्या नवलमल फिरोदियांनी स्कूटरच्या इंजिनावर चालणाऱ्या रिक्षाचा ध्यास घेतला. इटलीच्या पियाजिओचा नमुना समोर होता. बजाज घराण्याच्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने सुरुवातीला बाहेरून आणलेली दुचाकी-तिचाकी वाहनं विकली. १९५९मध्ये ती देशात बनवण्याचा परवाना मिळाला आणि १९६०मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या आकुर्डीच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं. फिरोदियांच्या बजाज टेम्पोने १९५८मध्ये जर्मन सहकार्याने मुंबईत गोरेगावला ‘हॅन्सियाट’ ही मालवाहू तिचाकी सुरू केली आणि पुढे कारखाना आकुर्डीलाच हलवला. एकाच गावाच्या शिवारात माणसं वाहणारी आणि माल वाहणारी, अशी दोन्ही तिचाकी घराणी नांदू लागली. १९७७मध्ये बजाजने इंजिन मागे असलेली रिक्षा आणली.

इथे तिसरं चाक आलं ते ओझ्यासाठी. दोन चाकांवर तीन उतारू बसत नाहीत आणि चार चाकांची गाडी परवडत नाही. तिचाकी हलकी, स्वस्त आणि अरुंद बोळात जागच्या जागी वळणारी. गरज हीच होती, आणि यंत्र तिच्या मापाने बेतलं गेलं.

त्याच सुमारास होंडाने तिसरं चाक अगदी वेगळ्या कारणासाठी लावलं. अमेरिकेतल्या तिच्या विक्रेत्यांची अडचण होती हिवाळा. बर्फ पडलं की मोटरसायकली खपत नसत, दुकानं रिकामी राहत. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात होंडाने ओसामू ताकेउची या अभियंत्याकडे काम सोपवलं: बर्फात, चिखलात, वाळूत चालेल असं काहीतरी काढा. ताकेउचींनी दोनपासून सहापर्यंत वेगवेगळ्या संख्येची चाकं लावून पाहिली. छोट्या इंजिनाला पेलतील आणि भुसभुशीत जमिनीत रुतणार नाहीत अशी तीनच चाकं ठरली. पण खरा शोध टायरचा होता. पाण्या-चिखलात चालणाऱ्या एका सहाचाकी अमेरिकी गाडीचे फुगीर टायर त्यांनी पाहिले आणि त्यावरून पुढे होंडाने बावीस इंची टायर तयार केले. मोटरसायकलच्या टायरमध्ये आपण पंचवीस-तीस पाउंड हवा भरतो. यात दोन-सव्वादोन पाउंड! टायर जमिनीवर पसरायचा, वजन वाटलं जायचं, वाळू दबून धरायची. १९७०मध्ये हे वाहन बाजारात आलं. इंजिन ८९ सीसी, ताकद सात अश्वशक्ती, शॉकॲब्झॉर्बर एकही नाही. खड्ड्याचे धक्के टायरनेच गिळायचे.

आकुर्डीची रिक्षा आणि होंडाची ही तिचाकी, दोघींचा आराखडा वरून पाहिला तर सारखाच: पुढे एक, मागे दोन. खाली वाकून पाहिलं की फरक कळतो. रिक्षाच्या मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. डिफरन्शियल दोघांना आपापल्या गतीने फिरू देतं. होंडाच्या तिचाकीत मागची दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर होती. दोघांना एकाच गतीने फिरावं लागे, म्हणून गाडी वळणावर हट्टाने सरळच जाऊ पाही. तिला वळवायचं तर आतल्या चाकावरचा भार कमी करून ते थोडं घसरू द्यायचं, आणि ते करायचं स्वतःच्या शरीराने. वाळूत चाक सहज घसरतं म्हणून तिथे हे जमे. डांबरावर चाक पकडून धरतं आणि गाडी उलटायला बघते.

शिवाय तीन चाकांची भूमिती. गाडीचा तोल तीन टेकूंच्या त्रिकोणात राहायला हवा. वळतावळता ब्रेक मारला की भार पुढे आणि बाहेरच्या अंगाला ढकलला जातो, आणि नेमक्या त्या कोपऱ्यात चाक नसतं. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, हे अनुभवी रिक्षावाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण त्याच्या हाताखाली सपाट रस्ता, मंद गती आणि रोजचा सराव असतो. अमेरिकेतल्या तिचाकीवर बसत होती सुट्टीची मजा करायला निघालेली माणसं, आणि त्यांत पुष्कळ शाळकरी पोरं.

१९८०च्या दशकात या तिचाकी झपाट्याने खपल्या आणि त्यांच्याबरोबर अपघातही वाढले. याच काळात चौथं चाक आलं. १९८२मध्ये सुझुकीने १२५ सीसीची ‘क्वाडरनर’ काढली. रिव्हर्स गिअर असलेली, नवशिक्यांनाही झेपेल अशी. त्रिकोणाचा चौकोन झाला आणि रिकामा कोपरा भरला. १९८४मध्ये होंडाने स्वतःची चारचाकी आणली. पुढे अमेरिकी सरकारच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने कंपन्यांना न्यायालयात खेचलं आणि १९८८मध्ये समझोता झाला: नव्या तिचाकींची विक्री बंद, खरेदीदाराला प्रशिक्षण देऊ करायचं, आणि ९० सीसीच्या वरचं वाहन सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी विकायचं नाही. २००८च्या कायद्याने तिचाकीवरची बंदी पक्की झाली. एका देशात तीन चाकांचा वंश खुंटला आणि दुसऱ्या देशात तीच तीन चाकं रोज लाखोंना कामावर पोचवत राहिली. फरक चाकांच्या संख्येत कमी होता. ज्या जमिनीवर आणि ज्या हातांत ती दिली, त्यात जास्त होता.

वाळवंटातल्या सफरीआधी गाइड जी पाच मिनिटांची उजळणी घेतो, ती या इतिहासाचीच उजळणी असते. वळताना अंग आत झुकवा पण भार बाहेरच्या फूटरेस्टवर द्या, असं तो सांगतो, कारण पुष्कळ क्वाडच्या मागे आजही अखंड दांडाच असतो. पाय फूटरेस्टवरच ठेवा, कारण मोटरसायकलच्या सवयीने पाय खाली टेकवला की मागचं चाक त्यावर चढतं. तिचाकीच्या काळात कितीतरी घोटे असे मोडले. रेस अंगठ्याने द्यायची, मूठ पिळून नाही, कारण गचका बसून अंग मागे गेलं तर मूठ आपोआप पिळली जाते आणि गाडी अधिकच उधळते. अंगठा मात्र सुटतो. एका माणसाच्या क्वाडवर मागे कुणाला बसवायचं नाही, कारण चालवणाऱ्याला आपलं वजन पुढेमागे सरकवायला मोकळी सीट लागते.

उरलेल्या सूचना वाळूच्या आहेत. टेकडीचा वाऱ्याकडचा चढ सौम्य आणि दबलेला असतो. माथ्यापलीकडचा उतार तीस-चौतीस अंशांचा, भुसभुशीत, वाळू जेमतेम तोल धरून थांबलेली. चढताना हा उतार दिसत नाही. भरवेगात माथा ओलांडणारा माणूस हवेत जातो, आणि उतारावर आडवा गेला तर गाडीसकट लोळतो. म्हणून गाइड पुढे, बाकी एका रांगेत त्याच्या चाकोरीतून. म्हणून प्रत्येक गाडीला उंच काठीवर झेंडा, की पलीकडून येणाऱ्याला माणसाआधी झेंडा दिसावा. वाळूचे उतार वाऱ्याने बदलत राहतात. कालची वाट आज असेलच असं नाही, हे त्याला कळतं आणि आपल्याला नाही. गाइडचे पैसे त्याचेच असतात.

या घराण्याची एक शाखा चाकण पट्ट्यालाही स्पर्शून जाते. २००७मध्ये बजाज ऑटोने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये १४.५ टक्के हिस्सा घेतला. त्याच सुमारास केटीएमची इंजिनं अमेरिकेच्या पोलॅरिस क्वाडमध्ये बसत होती आणि केटीएम स्वतःचीही क्वाड काढत होती. ती फार वर्षं टिकली नाही. बजाजच्या चाकण कारखान्यात आली ती केटीएमची ड्यूक, दोन चाकांची. बजाजने चौथं चाक लावलं ते वेगळ्याच वाहनाला: जानेवारी २०१२मध्ये दाखवलेली आरई-६०, म्हणजे आजची क्यूट. २१६ सीसीचं इंजिन, ताशी सत्तरची मर्यादा, वर छप्पर, हातात गोल स्टिअरिंग. वाळूचा तिच्याशी काही संबंध नाही. ती रिक्षाच्या पुढची पायरी. तिच्यासाठी क्वाड्रिसायकल हा नवा वर्ग नियमांत घालावा लागला आणि कोर्टकचेऱ्या होऊन देशात विकायला २०१९ उजाडलं. वाळूतल्या क्वाडला मात्र रस्त्यावर यायला शेतीचा आडोसा घ्यावा लागला. पोलॅरिसने आपली स्पोर्ट्समन ५७० रस्त्यावर चालण्याच्या मान्यतेसह आणली, ती ट्रॅक्टर म्हणून.

दुसरी शाखा कॉलेजांतून आली. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया या वाळवंटी द्वीपकल्पात १९६७पासून खडतर शर्यत होते. त्या नावाने १९७६मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू झाली: आडवाटेची गाडी स्वतः आखा, स्वतः बांधा, स्वतः पळवा. महिंद्राच्या पाठबळावर २००७मध्ये ती इंदूरजवळच्या पीथमपूरला आली. बाहाचा इथे ‘बाजा’ झाला, आणि हा शब्द आता पुणे-पिंपरीतल्या मेकॅनिकलच्या पोरांना वेगळा सांगावा लागत नाही. बरीच वर्षं सगळ्यांना इंजिन एकच होतं, दहा अश्वशक्तीचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन. अक्कल लावायची ती बाकीच्या गाडीत. निगडी, आकुर्डी, पिंपरीतली मुलं नळ्या वाकवायला, वेल्डिंगला, हबचा जॉब लेथवर फिरवून घ्यायला भोसरी एमआयडीसीतल्या शेडमध्ये जातात. आणि गिअरबॉक्स? देशभरच्या कित्येक चमूंनी वर्षानुवर्षं उचलला तो महिंद्रा अल्फाचा, म्हणजे तिचाकी टेम्पोचा. स्वस्त, दणकट, रिव्हर्ससकट आणि कुठल्याही गॅरेजात मिळणारा. अमेरिकेत तीन चाकांना चौथ्याने हटवलं. इथे चौथ्या चाकाला जोर तिसऱ्याच्या पोटातून मिळाला.

या मुलांच्या गाडीचा एक नियम क्वाडवाल्यांनी घ्यावा असा आहे. तिला चारी बाजूंनी नळ्यांचा पिंजरा आणि चालवणाऱ्याला पट्टे सक्तीचे असतात, त्याशिवाय तपासणीतून गाडी मैदानात जातच नाही. क्वाडला पिंजरा नसतो. ती उलटली की तिचं दोन-तीनशे किलोंचं धूड माणसावर येतं. चार चाकांनी उलटण्याचा धोका कमी केला, संपवला नाही. ऑस्ट्रेलियात शेतकरी क्वाडखाली सापडून मरू लागले, तेव्हा २०२१पासून शेतकामाच्या नव्या क्वाडला उलटल्यावर माणसाला वाचवणारी कमान सक्तीची झाली. होंडा, यामाहासारख्या कंपन्यांनी कमान लावण्याऐवजी त्या बाजारातून अशा क्वाड काढून घेणं पसंत केलं. वाहनाला कुठवर माणसाच्या हवाली करायचं आणि कुठून पुढे माणसाला वाहनापासून वाचवायचं, हा तिचाकीच्या वेळचा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडे भाड्याच्या क्वाडवर हा वाद बहुतेकदा पाच मिनिटांत आणि हसत-खेळत मिटवला जातो. तसा मिटवू देऊ नका. हेल्मेट मिळत नसेल तर बसू नका. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या हाती मोठी क्वाड देऊ नका, आणि फोटोसाठी त्याला पुढ्यात घेऊनही बसू नका. पुळणीवर चालवायची असेल तर माणसांच्या गर्दीत आणि कासवांच्या विणीच्या किनाऱ्यावर नको. गाइड सूचना न देताच किल्ली हातात ठेवत असेल, तर पैसे परत मागा. ज्या कामाचे ते घेतले, ते काम त्याने केलेलं नाही.