थांबण्याचे शास्त्र: जुन्या अँबॅसिडरचे ब्रेक

ल कॉर्बुझिए यांनी १९५१ मध्ये चंदीगडचा आराखडा हाती घेतला. शहराच्या मध्यवर्ती सेक्टर १७ चे विस्तीर्ण प्रांगण त्यांनी पादचाऱ्यांसाठी राखले आणि मोटारींना त्याच्या कडेलाच थांबवले. सेक्टरांभोवती मात्र वेगवान रस्ते होते. सर्वसाधारण सेक्टर ८०० बाय १२०० मीटरचा. म्हणजे मोटारीने वेग घ्यावा, की लगेच पुढच्या चौकाशी ब्रेक दाबावा.

पुढच्या काळात भारतीय रस्त्यांवर दोन मोटारींचे राज्य होते: उत्तरपाड्याची अँबॅसिडर आणि वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियरच्या कुर्ला कारखान्यातील फियाट. दोहोंच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत.

ब्रेक गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी ११०० किलोची मोटार थांबवताना सुमारे दीड लाख ज्यूल उष्णता निर्माण होते. तेवढ्यात अर्धा लिटर पाणी सुमारे ७० अंशांनी तापेल. वेग दुप्पट झाला, तर उष्णता चौपट. बंदिस्त ड्रममध्ये ती कोंडते. ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो, लायनरचे घर्षण घटते आणि घाटउतारावर पेडल दाबूनही गाडी आवरत नाही.

यावरचा उपाय जुनाच होता. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. १९५३ मध्ये डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने ल मान्सची शर्यत जिंकली आणि १९५५ च्या सिट्रोएन डीएसने ते सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचवले. उघडी तबकडी वाऱ्याने लवकर निवते.

तथापि जुन्या गाडीला पुढे डिस्क बसवणे म्हणजे केवळ सुटे भाग बदलणे नव्हे. ड्रममधील पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच अधिक घट्ट दाबला जातो. डिस्कला ही आयती मदत नाही. म्हणून निर्वात दाबावर चालणारा बूस्टर लागतो. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमधील झडप नळीत थोडा दाब राखून ठेवते. ती तशीच राहिली, तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात. मागच्या चाकांवरील दाबही मोजून ठेवावा लागतो, अन्यथा ती आधी जखडून गाडी घसरते. शिवाय जुन्या रचनेत ब्रेक ऑइलचा एकच मार्ग असे. एका गळतीने चारही ब्रेक जात. दुहेरी मास्टर सिलिंडरने निदान दोन चाके तरी हाती राहतात.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात जपलेल्या मोटारीला ‘व्हिंटेज’ दर्जा मिळतो. चॅसी, बॉडी किंवा इंजिनातील फेरबदल त्यात बसत नाहीत. ब्रेकचा त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे मूळपण आणि सुरक्षितता यांतील निवड बरीचशी मालकावर येते. काढलेले ड्रम आणि शू जपून ठेवले, तर इतिहास कपाटात शाबूत राहतो. रस्त्यावर मात्र समोरून येणाऱ्या पादचाऱ्याला गाडीच्या वयाची सवलत देता येत नाही.

#विज्ञान #इतिहास #तंत्रज्ञान