पांढरीचं मोजमाप

गावाचे दोन भाग मानण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. आज मला पांढरीविषयी बोलायचं आहे. कर्जासाठी किंवा वाटणीसाठी घराचं मूल्यांकन करायचं ठरलं, की काम महिनोन्‌महिने रखडतं. लोक मूल्यांकन करणाऱ्याला बोल लावतात. मला मात्र त्याचं मूळ या काळी-पांढरीच्या इतिहासात दिसतं.

सरकारचा महसूल यायचा तो काळीतून. म्हणून इंग्रजी अमदानीत आधी मोजली गेली ती शेतजमीन. १८३५-३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यापासून या कामाचा पाया घातला. मोजणीची साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आपला गुंठ्याचा हिशेब आजही त्या साखळीलाच बांधलेला आहे. शेताला नंबर मिळाला, हद्दीला दगड मिळाला, पुढे सातबारा मिळाला. गावठाण मात्र बहुतेक ठिकाणी नकाशावर एक सलग तुकडा म्हणून राहिलं. त्यातलं कोणतं घर कुणाचं, हे लिहून ठेवायची सरकारला गरज नव्हती, कारण घरातून शेतसारा येत नव्हता. शहरांत सिटी सर्व्हे झाले, पुढे मोठ्या गावांचीही गावठाण मोजणी झाली. लहान गावं तशीच राहिली.

आमच्या जत भागात आणखी एक गुंता आहे. इथे डफळ्यांचं संस्थान होतं. ८ मार्च १९४८ला ते मुंबई राज्यात विलीन झालं, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचंच नाव सांगली झालं. घर जागचं हललं नाही, पण त्याचा कारभार पाहणारी कचेरी बदलत गेली. त्यात हा मराठी-कानडी सीमेवरचा मुलूख. एकाच माणसाचं नाव एका कागदावर एक, तर दुसऱ्यावर जरा वेगळं आढळतं. घरातल्यांना त्यात काही वावगं वाटत नाही; बँकेच्या दृष्टीनं मात्र ती दोन माणसं होतात.

जुन्या कागदांची भाषाही वेगळी. आपले पूर्वज घर चौरस फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण. ‘तीन खणांचं घर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला अंदाज यायचा. पण खणाची रुंदी सगळीकडे सारखी नसे. ज्याला जसं लाकूड मिळालं, तसा त्याचा खण. हद्द सांगायची ती चतुःसीमेनं : पूर्वेला अमक्याचं घर, दक्षिणेला बोळ, पश्चिमेला लिंबाचं झाड. आज तो अमका हयात नाही, त्याचं घर दोनदा विकलं गेलं, लिंब कधीच पडला. कागद खरा आहे, पण त्यावरून जागेवर बोट ठेवता येत नाही.

मग लोक पुढे करतात ग्रामपंचायतीचा नमुना ८. ही कर आकारणीची नोंदवही. घरपट्टी कुणाकडून घ्यायची, एवढंच ती सांगते. पावत्यांचा गठ्ठा जपून ठेवावाच, पण कर भरला म्हणून मालकी सिद्ध होत नाही.

पांढरीच्या मोजणीला मोठी चालना मिळाली ती अलीकडे. २४ एप्रिल २०२०ला केंद्र सरकारची स्वामित्व योजना जाहीर झाली. ११ ऑक्टोबर २०२०ला पहिल्या मिळकत पत्रिकांचं वाटप झालं, ते सहा राज्यांतल्या ७६३ गावांसाठी. त्यात महाराष्ट्रातली १०० गावं होती. मोजणी ड्रोननं होते. पण ड्रोनला वरून छप्पर दिसतं, मोकळं अंगण कुठे संपतं ते दिसत नाही. म्हणून उड्डाणाआधी प्रत्येकानं आपल्या हद्दीवर चुन्याची रेघ मारायची असते. पुढे चौकशी होते, हरकती ऐकल्या जातात आणि मगच पत्रिका बनते. यंत्र कितीही नवं असो, हद्द दाखवायला घरचा माणूस आणि होकार द्यायला शेजारी लागतोच.

बँकेच्या मूल्यांकनाचंही तसंच. येणारा माणूस जागेची किंमत धरतो, बांधकामाची धरतो आणि बांधकामाच्या वयाप्रमाणे घसारा वजा करतो. दगडमातीच्या माळवदाला त्यात फारसं मोल येत नाही; मोल येतं ते जागेला. म्हणून रंगसफेदीवर खर्च करण्यापेक्षा आधी कागद लावावेत. मिळकत पत्रिका किंवा नमुना ८चा ताजा उतारा, खरेदीखत किंवा वाटणीपत्र, बांधकामाची परवानगी, घरपट्टीची पावती, वीजबिल. जुना कागद मोडीत असेल, तर जाणकाराकडून त्याचं वाचन करून घ्यावं. नावात फरक असेल तर तो आधीच दुरुस्त करावा. खणांचे फूट करून साधा कच्चा नकाशा काढावा. त्या दिवशी सगळ्या खोल्या उघड्या ठेवाव्यात आणि हद्द ठाऊक असलेलं कुणीतरी घरी असावं. एवढं केलं, तर पाहणी अर्ध्या दिवसात आटोपते.

सगळ्यात जास्त अडतं ते वारसनोंदीपाशी. वडील जाऊन वीस वर्षं झालेली असतात आणि घर त्यांच्याच नावावर असतं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीनं हक्क दिला. तरी लेकीचं नाव लागतं ते बँकेनं विचारल्यावर, आणि तेही हक्क सोडून देण्याची सही घेण्यापुरतं. आमच्या पूर्व भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या मागंपुढं ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्या दिवसांत मोजणी आली, तर त्यांच्या अंगणात चुना कोण टाकणार?

पांढरी दीडशे वर्षं कागदावाचून राहिली, तरी निभावलं. कारण शेजाऱ्याच्या शब्दावर हद्द चालत होती. आता कागद होतो आहे, आणि जे नाव आज त्यावर लागेल, तेच पुढच्या पिढ्या वाचतील. म्हणून माझं सांगणं एवढंच : मोजणीची नोटीस लागली, की बाहेरगावच्या भावाला आणि सासरी असलेल्या बहिणीला आधी फोन करा, चुना मग आणा.