मर्सिडीज सी-क्लास की बीएमडब्ल्यू ३ सिरीज? : तुमच्यासाठी कोणती योग्य?

मागच्या दिवाळीत मामांचा फोन आला. "तू इंजिनिअर आहेस ना, सांग, मर्सिडीज घेऊ की बीएमडब्ल्यू?" मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गाड्यांचा नाही, हे त्यांना सांगून काही उपयोग नव्हता. पण अभ्यास करताना लक्षात आलं, की आजची लक्झरी सेडान म्हणजे अर्धी गाडी आणि अर्धा कॉम्प्युटर आहे. घरात फोन घ्यायचा असला की जसं तुम्हाला विचारतात, तसं आता गाडीबद्दलही विचारतील. म्हणून मामांसाठी काढलेली सगळी माहिती आज इथे एकत्र देतोय.

दोन गाड्यांची थोडक्यात ओळख

सध्याची सी-क्लास २०२१ मध्ये जगासमोर आली आणि २०२२ मध्ये भारतात लाँच झाली. तिची जोडणी आपल्या पुण्याजवळ चाकणला होते. सध्याची ३ सिरीज २०१८ मध्ये सादर झाली. भारतात २०२१ पासून तिचं लांब रूप, म्हणजे ग्रॅन लिमोझिन मिळतं आणि तिची जोडणी चेन्नईजवळ होते. दोन्ही गाड्या भारतातच जोडल्या जातात, त्यामुळे पूर्ण तयार गाडी आयात केल्यावर लागणारी जबर ड्युटी वाचते. एक्स-शोरूम किंमत दोन्हींची साधारण ६० लाखांच्या आसपास आहे, व्हेरियंटनुसार ती वर-खाली होते.

इंजिन : आकड्यांच्या मागे काय आहे?

सी २०० मध्ये फक्त १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन आहे. ताकद २०४ हॉर्सपॉवर, टॉर्क ३०० न्यूटन मीटर. "एवढ्या पैशात १.५ लिटर?" असं मामाही म्हणाले. पण इथे ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड सिस्टीम जोडलेली आहे. सिग्नलवरून निघताना किंवा ओव्हरटेक करताना छोटी इलेक्ट्रिक मोटर थोड्या वेळासाठी जास्तीची मदत करते. बंद पडलेलं इंजिनही तीच चालू करते, त्यामुळे सिग्नलला झटका जाणवत नाही. ही गाडी फक्त बॅटरीवर चालवायची हायब्रिड नाही, हे लक्षात ठेवा. चार्जिंगची भानगड नाही.

बीएमडब्ल्यू ३३० एलआयमध्ये २ लिटरचं इंजिन आहे. २५८ हॉर्सपॉवर आणि ४०० न्यूटन मीटर. म्हणजे सी २०० पेक्षा ५४ हॉर्सपॉवर जास्त, आणि एक्स्प्रेसवेवर हा फरक सरळ जाणवतो. मर्सिडीजमध्ये एवढी ताकद हवी असेल तर सी ३०० कडे जावं लागतं. तिची ताकदही २५८ हॉर्सपॉवरच आहे, फक्त बजेट वाढतं. गिअरबॉक्स दोघांचा ऑटोमॅटिक : मर्सिडीजचा ९ गिअरचा, बीएमडब्ल्यूचा ८ गिअरचा. गिअर जास्त म्हणजे गाडी चांगली असं काही नसतं, कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलसारखंच आहे ते.

महिन्याला दोन-तीन हजार किलोमीटर फिरणं असेल तर ४४० न्यूटन मीटर टॉर्कची डिझेल सी २२०डीही पाहा. आणि ज्याला फक्त वेगच हवा आहे, त्याच्यासाठी बीएमडब्ल्यूची एम३४०आय आहे : सहा सिलिंडर, ३ लिटर, ३७४ हॉर्सपॉवर.

स्क्रीन आणि सॉफ्टवेअर : आपला विषय

सी-क्लासमध्ये मधोमध ११.९ इंचाची उभी टचस्क्रीन आहे, मोठ्या फोनसारखी. सिस्टीमचं नाव एमबीयूएक्स. "हे मर्सिडीज" म्हणून हाक मारली की एसी कमी-जास्त करता येतो. स्टिअरिंगवरची बटणंही टचची आहेत.

३ सिरीजमध्ये २०२३ च्या अपडेटपासून एकाच वक्र काचेखाली दोन स्क्रीन आहेत : ड्रायव्हरसमोर १२.३ इंच आणि मध्ये १४.९ इंच. बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये आयड्राइव्ह आणलं, तेव्हापासूनचा गोल फिरवायचा नॉब या गाडीत अजून आहे. ऐकायला जुनाट वाटेल, पण खड्ड्यातून जाताना स्क्रीनवरच्या छोट्या चौकोनावर बोट टेकवून बघा, मग नॉबची किंमत कळेल. स्टिअरिंगवरची बटणंही खरीखुरी, दाबायची आहेत. मात्र एसीची बरीचशी बटणं इथेही स्क्रीनमध्ये गेली आहेत.

माझं मत : दिसायला सी-क्लासचं केबिन भारी, चालवताना वापरायला ३ सिरीज सोपी.

मागची सीट : निर्णय बहुतेक इथेच होतो

पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर म्हणजे व्हीलबेस. सी-क्लासचा २८६५ मिलिमीटर, ग्रॅन लिमोझिनचा २९६१. जवळपास १० सेंटिमीटरचा फरक, आणि तो गुडघ्यांसमोर दिसतो. पण लांब गाडीची लांबीही सुमारे ४.८२ मीटर आहे, सी-क्लासची ४.७५. सोसायटीत स्टॅक पार्किंग असेल तर टेप घेऊन खाली जा आणि आधी मोजा.

सेफ्टी : टक्के नीट वाचा

युरो एनकॅपमध्ये दोघींना ५ स्टार आहेत. मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ३ सिरीजला २०१९ मध्ये ९७ टक्के आणि सी-क्लासला २०२२ मध्ये ९३ टक्के मिळाले. म्हणून ३ सिरीज जास्त सेफ? नाही. २०२० मध्ये चाचणीचे नियम कडक झाले, म्हणजे पेपरच बदलला. शिवाय या चाचण्या युरोपातल्या मॉडेल्सच्या आहेत.

खरी किंमत : ६० लाख म्हणजे ६० लाख नाहीत

महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के रोड टॅक्स आहे. ६० लाखांवर तो ७.८ लाख होतो. डिझेलला १५ टक्के, म्हणजे ९ लाख. कंपनीच्या नावावर घेतली तर थेट २० टक्के, म्हणजे १२ लाख! धंद्यात खर्च दाखवायला गाडी कंपनीच्या नावावर घेणाऱ्यांनी हे गणित सीएसोबत आधीच बसवावं. शिवाय १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस कापला जातो, पण तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो. इन्शुरन्स धरला की आकडा ७० लाखांच्या पुढे जातो.

इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शन नक्की घ्या. सेडान खाली असते. मुंबईच्या जुलैत साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करू नका, इंजिनात पाणी शिरलं असेल तर आतले भाग वाकतात. अशा वेळी टो करणं कितीतरी स्वस्त पडतं.

सेकंड हँड घेताय?

सर्व्हिस हिस्टरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून तपासा. आणि जुन्या मालकाचं अकाउंट गाडीतून काढून फॅक्टरी रीसेट करून घ्या. नाहीतर त्याच्या फोनच्या ॲपवर तुमच्या गाडीचं लोकेशन दिसत राहू शकतं. विकतानाही हेच करा, नाहीतर तुमचे कॉन्टॅक्ट आणि घरचा पत्ता गाडीबरोबर जातो.

मग कोणती घ्यायची?

- स्वतः चालवणार, हायवे जास्त : ३३० एलआय.
- शहरात शांतपणे फिरणं, केबिनची हौस : सी २००.
- रनिंग खूप : सी २२०डी.
- आई-वडील कायम मागे बसणार : आधी ग्रॅन लिमोझिन पाहा, पण त्यांना सोबत न्या.

हा शेवटचा मुद्दा मामांमुळे कळला. टेस्ट ड्राइव्हला ते आजीला घेऊन गेले. माझे सगळे आकडे तिने पाच मिनिटांत बाजूला ठेवले. पाय ठेवायला जागा दोन्हीकडे पुरेशी होती, पण गुडघेदुखीमुळे एवढ्या खालच्या सीटवरून तिला हात धरल्याशिवाय उठताच येईना. मामांनी सेडानचा विषयच सोडला, आता ते उंच गाड्या बघतायत. म्हणून सांगतो, बुकिंगची रक्कम भरण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकदा गाडीत बसवा आणि उतरवा.